अकरा हातांचे चरे

आमच्या प्रयोगशाळेच्या दारामागं एक छोटा काळा फळा आहे. मामा रोज सकाळी सातला कुलूप उघडायचे, खिडक्या उघडायचे आणि मशीनच्या मीटरवरचा आकडा त्या फळ्यावर खडूनं लिहायचे. मी दहाला पोचायचे. चप्पल काढायच्या आधी मान आत घालून फळा बघायचा, अशी मला सवयच लागली होती. आकडा कालच्यापेक्षा वाढलेला दिसला की माझा दिवस बरा जायचा. मशीन बंद असेल त्या दिवशी आकड्याच्या जागी मामा एकच शब्द लिहायचे, ‘निवांत’.

मामा म्हणजे आमच्या विभागातले परिचर. अर्धापूरहून एसटीनं यायचे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खांद्यावर टॉवेल, पिशवीत डबा आणि बहुतेक वेळा घरची चार-सहा केळी. नांदेडच्या या इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवायला लागले त्याच्या कितीतरी आधीपासून ते तिथं होते. प्राचार्यांपासून पोरांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत.

आणि मशीन म्हणजे धातूला दमवायचं यंत्र. लहानपणी तारेचा तुकडा इकडून तिकडे वाकवून तोडला नाही, असा माणूस सापडायचा नाही. एका झटक्यात ओढून तुटत नाही ती तार वीस-पंचवीस वेळा वाकवली की मुकाट तुटते. धातूलाही शीण येतो. बादलीची कडी, सायकलची तार, गाडीचा आस, हे सगळं एकदम कधी मोडत नाही. रोज थोडं थोडं शिणत असतं आणि एक दिवस आपल्या हातात तुकडा येतो. अॅल्युमिनियममध्ये केसाहून बारीक, चिनीमातीच्या जातीचे धागे मिसळले तर हा शीण उशिरा येतो का, हे मी सहा वर्षं शोधत होते. भिंतीच्या मातीत काड घालतात ना, तसलाच प्रकार. मामांना पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे मॅडम, तुम्ही जर्मनला शीण आणून राहिल्या.”

आमच्याकडं अॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात. का म्हणतात ते मला माहीत नाही. माझ्या अप्पांचं लातूरला भांड्यांचं दुकान आहे, त्यामुळं अॅल्युमिनियम हा शब्द मी शाळेत शिकले आणि जर्मन घरात. मामांचं वाक्य इतकं नेमकं होतं, की माझ्या प्रबंधाच्या इंग्रजी नावापेक्षा मी लोकांना तेच सांगायला लागले.

काम असं चालायचं. बोटाएवढी कांडी, कमरेला जराशी बारीक. ती मशीनमध्ये आडवी धरायची, तिच्यावर वजन टांगायचं आणि मोटर चालू करायची. कांडी मिनिटाला तीन हजार फेरे घेते आणि प्रत्येक फेऱ्यात एकदा ताणली जाते, एकदा दाबली जाते. मोडली की मीटर थांबतो. एक कोटी फेरे झाले आणि तरी मोडली नाही, तर तिला पास करून मशीन बंद करायचं, असा आमच्या शास्त्राचा रिवाज. कोटी फेऱ्यांना दोन दिवस आणि वर सात-आठ तास लागतात. वीज न गेली तर.

त्या वर्षीच्या दसऱ्याला माझ्याकडं आठ कांड्या उरल्या होत्या. चार साध्या जर्मनच्या, चार धाग्याच्या. ज्या दूरच्या प्रयोगशाळेनं त्या ओतून दिल्या होत्या तिथलं काम बंद पडलं होतं, म्हणजे नववी कांडी या जगात नव्हती. पीएच.डी.ची मुदत मी दोनदा वाढवून घेतलेली. तिसऱ्यांदा मिळणार नाही, हे विद्यापीठातून स्पष्ट कळवलेलं होतं. सगळ्यात कमी वजनाखाली धाग्याची कांडी कोटी गाठते का, हा प्रबंधाचा मुख्य प्रश्न याच आठांवर सुटायचा होता. त्या बिघडल्या तर सहा वर्षं पाण्यात आणि वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा जिथल्या तिथं.

म्हणून मी त्या कांड्यांना जपत होते. दोन आठवडे बसून एकेक कांडी बारीक, मग त्याहून बारीक काचकागदानं लांबीच्या दिशेनं घासून आरशासारखी केली. लांबीच्या दिशेनं अशासाठी, की शिणाची भेग नेहमी आडव्या चऱ्यातून सुरू होते. नखाला लागणार नाही असा आडवा चरासुद्धा पुरतो. हे मी वर्गात दरवर्षी घसा फोडून सांगते. मामांना मात्र कधीच सांगितलं नव्हतं.

सुट्टीला लातूरला निघायच्या दिवशी मी घाईत होते. खंडेनवमीला विभागात यंत्रांची पूजा होते, प्राचार्य येतात, फोटो निघतात. मी पर्स खांद्याला लावता लावता मामांना म्हटलं, “मामा, यंदा सगळं चकाचक पाहिजे. टेबलावरची एकूण एक वस्तू.” आठ कांड्या टेबलावरच होत्या, पान्यांच्या शेजारी, स्टीलच्या ताटात. मी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा. बघून गेले.

लातूरला खंडेनवमीच्या सकाळी अप्पा दुकानात खाली बसून तराजूची पारडी घासत होते. पितळेला चिंच, वर विटकरीची पूड, नारळाचा काथ्या. दरवर्षी हे काम ते स्वतः करतात, नोकराला हात लावू देत नाहीत. वजनंमापं घासून झाली की ओळीनं मांडायची, भस्म लावायचं, झेंडूची फुलं वाहायची. मी शेजारी चहा घेत बसले होते. पारडी अशी झळकत होती, की मी म्हटलं, “अप्पा, काय चमकतंय हो!”

अप्पा खूश झाले आणि खूश झाले की ते माणसाला छेडतात. “तुझं जर्मन तुटलं का न्हाई गं अजून?”

“तुटायला नाही अप्पा, तुटू नये म्हणून चाललंय.”

“मग तिकडं नांदेडला कशाला जाती? इथं बस की गल्ल्यावर. कडी तुटली म्हणून रोज एक बाई भांडायला येती. फुकटात परयोग.”

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली, मीही हसले. समोर काथ्या होता, विटकर होती, डोळ्यांदेखत धातू घासला जात होता आणि नांदेडच्या टेबलावर काय चाललं असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. इतकं शिकून माणूस काय दिवे लावतो ते हे असं.

दसऱ्याचं सोनं वाटून दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघाले. चाकूर, अहमदपूर, लोहा करत दुपारी नांदेडला उतरले आणि बॅग घेऊनच कॉलेज गाठलं. प्रयोगशाळेत अजून उदबत्तीचा वास होता. मशीनला झेंडूचा हार, मोटरवर भस्माचे पट्टे, पाने आणि पकडी ओळीत. सगळं बघून मला बरं वाटलं. मग ताट दिसलं.

आठही कांड्या एका रांगेत होत्या. प्रत्येकीवर कुंकवाचं बोट. चमकत होत्या, पण आरशासारख्या नव्हे, घासलेल्या तांब्यासारख्या. मी एक उचलून भिंगाखाली धरली. कमरेभोवती आडवे चरे, एकाशेजारी एक, गोल गोल.

मी स्टूल ओढून बसले आणि पहिल्यांदा मनात आलं ते हे, की संपलं. नंतर राग आला. माझा राग घरात आणि कॉलेजात प्रसिद्ध आहे. मामा दारातून आत येत होते, हातात कागदात गुंडाळलेला नारळाचा तुकडा. माझ्यासाठी तीन दिवस सांभाळून ठेवलेला प्रसाद. तिसऱ्या वर्षाची दोन पोरं कोपऱ्यात जर्नल लिहीत होती. मी ओरडले, “कुणी सांगितलं होतं तुम्हाला? झाडू दिलाय ना हातात, तेवढं करायचं. ज्यातलं कळत नाही त्याला हात लावायचा नाही!”

मामा जागीच थांबले. पोरांनी माना खाली घातल्या. मामा “हाव मॅडम” एवढंच म्हणाले, प्रसाद टेबलाच्या कडेला ठेवला आणि निघून गेले. टेबलावरची एकूण एक वस्तू हे तुमचेच शब्द, असं ते म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत. संध्याकाळी घरी पोळ्या लाटताना ते शब्द माझे मलाच आठवले आणि लाटणं हातात तसंच राहिलं. मला लाज वाटली. पण दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागावी एवढी काही वाटली नाही, कारण मी तेव्हा माझ्याच दुःखात बुडालेले होते.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. कशाला न घाबरणारा माणूस, कारण त्यांची पीएच.डी. झालेली. त्यांनी कांडी भिंगाखाली फिरवून फिरवून बघितली. “चरे काढायला गेलात तर कांडी बारीक होईल आणि माप जाईल. आहे तशा लावा. आधी साध्या चार.”

“आणि धाग्याच्या पण लवकर मोडल्या तर?”

“तर मोडल्या असं लिहायचं,” सर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

फळा कोरा दिसायला लागला. मामा सातला यायचे, कुलूप उघडायचे, झाडायचे आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसायचे. मशीनजवळ फिरकायचे नाहीत. आकडा नाही, ‘निवांत’ नाही, केळी नाहीत. मग मी स्वतः सातला यायला लागले. नवऱ्याला वाटलं मी फिरायला जायला लागले, तो खूश झाला. मीच मीटर वाचायचे आणि मीच फळ्यावर लिहायचे. माझं अक्षर त्या फळ्यावर परकं दिसायचं.

पहिली साधी कांडी सकाळी लावली ती संध्याकाळी कॉलेज सुटायच्या आत मोडली. पंधरा लाखांच्या आसपास. चरे नसते तर ती याच्या दुपटीहून जास्त चालली असती, असा माझा आधीचा हिशेब होता. दुसरीही त्याच सुमारास मोडली. तिसरी आणि चौथी लावताना मी नुसतं काम ढकलत होते, पण चौथी मोडली तेव्हा मी वही पुन्हा उघडली. चारी आकडे एकमेकांच्या अंगाला अंग लावून होते. असं होत नाही. शिणाच्या चाचणीत जुळ्या कांड्यासुद्धा एकसारख्या वागत नाहीत. एक मोडते त्याच्या दुप्पट दुसरी चालते आणि आम्ही कपाळाला हात लावतो. आजवर मी जिवापाड घासलेल्या आधीच्या कांड्यांचे आकडे चार दिशांना पांगलेले आणि मामांनी वाट लावलेल्या कांड्यांचे आकडे एका रांगेत! मला थोडा अपमानच वाटला.

मामा व्हरांड्यातल्या माठात पाणी ओतत होते. मी विचारलं, “मामा, त्या कांड्या घासल्या कशा तुम्ही?”

त्यांनी माझ्याकडं न बघता कळशी खाली ठेवली. “चुकलं मॅडम. पुन्हा न्हाई हात लावणार.”

“चुकलं म्हणत नाहीये मी. कशा घासल्या ते विचारतेय.” हेसुद्धा मी चिडल्यासारखंच म्हटलं. आवाजाला माझ्या वळणच तसं आहे.

मामांनी टॉवेलला हात पुसले. “अकरा हात.”

“म्हणजे?”

“काथ्यावर चिमूटभर पूड घ्यायची, दोन थेंब पाणी. कांडी त्यात धरायची अन् गर्रकन एक फेरा. त्यो एक हात. एका हाताला एकदा नमः शिवाय. अकरा झाले की ती ठिवायची, नवी पूड, दुसरी घ्यायची. पाना असू द्या, पक्कड असू द्या, अकराच. कमी न्हाई, जास्ती न्हाई. आमची माय तसंच करायची.”

“आणि पूड?”

“घरची. विटकर कुटून लुगड्याच्या फडक्यातून चाळलेली. मोठा खडा राहिला तर भांड्याला ओरखडा येतो.”

“चिंच लावली होती का?”

मामांनी आता माझ्याकडं सरळ बघितलं. “जर्मनला चिंच लावतेत व्हय मॅडम? काळं पडतं. तुम्ही तर भांडेवाल्याच्या घरच्या.”

मी तिथंच कठड्याला टेकून हसायला लागले. एकाच चाळणीची पूड, एकाच माणसाचा हात, तेवढाच दाब, मोजून अकरा फेरे, दर कांडीला नवी पूड. सगळ्या कांड्यांना सारखाच चरा देणारं यंत्र मी मागितलं असतं, तर कॉलेजनं दोन वर्षं फाइल फिरवली असती. मामा हसले नाहीत. त्यांनी कळशी उचलली. माफीचा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता, पण बाहेर पडलं ते “बरं” एवढंच. ते नळाकडं निघून गेले.

आता सगळा भार धाग्याच्या चार कांड्यांवर. चरे दोन्हींना सारखे, तर फरक दिसेल तो धाग्यांचाच. पण फरक असला तर ना! पहिली कांडी मी सकाळी सातला लावली. दिवसभर शिकवताना कान प्रयोगशाळेकडं. संध्याकाळी पंधरा लाख ओलांडले तेव्हा मला नीट श्वास घेता आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मीटर पळतच होता. दुपारी वीज गेली ती दोन तास. मी महावितरणच्या कार्यालयाला फोन लावून लावून थकले, मग टेबलावर डोकं ठेवून बसले. वीज आली, मोटर पुन्हा लावली, कांडीला पुन्हा वजन दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला फळ्यावर मी ब्याऐंशी लाख लिहिले. त्या दिवशी मी काय शिकवलं ते पोरांनाच विचारावं लागेल. दुपारी तास संपवून येऊन बसले ती उठलेच नाही. चारच्या पुढं नव्व्याण्णव लाखांच्या घरात आकडा आला आणि मी मीटरकडं बघायचं बंद केलं. मोटरचा आवाज ऐकत राहिले. कांडी मोडते तेव्हा आवाज बदलतो. तो बदलला नाही. पुन्हा डोळे उघडले तेव्हा कोटीच्या पुढं शे-दोनशे फेरे झाले होते.

मी बटण बंद केलं. खोली एकदम शांत झाली. कांडी सोडवून हातात घेतली, गरम होती. कमरेवरचे सगळे चरे जसेच्या तसे आणि तरी अखंड. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते भांडेवाल्याच्या पोरीला त्या दिवशी कळलं. दारात हालचाल झाली म्हणून बघितलं तर मामा झाडू घेऊन उभे होते, उंबऱ्याच्या बाहेर.

“झाली?” त्यांनी विचारलं.

“झाली, मामा.”

“मोडली न्हाई?”

“नाही मोडली.”

“लई चांगलं झालं,” मामा म्हणाले आणि व्हरांडा झाडत पुढं गेले. उंबरा त्यांनी ओलांडला नाही.

पुढच्या दोन आठवड्यांत उरलेल्या तिन्ही कांड्या कोटी पार झाल्या. नंतर कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या तर चऱ्यांच्या तळाशी भेगा सुरू झालेल्या होत्या. बारीक बारीक भेगा, थोडंसं आत गेलेल्या आणि पहिला धागा आडवा आला की तिथंच थांबलेल्या. आता इथं कुणाला वाटेल की मी माणसांच्या मनाला पडणारे चरे आणि नात्यांचे धागे वगैरे काढणार. तसलं काही नाही. धागे चिनीमातीचेच होते आणि मी माझी सहा वर्षं वाचली म्हणून रडले.

प्रबंध लिहिताना सर म्हणाले, “असं लिहा की जाणीवपूर्वक, ठरावीक प्रतीचे आडवे चरे पाडून चाचणी घेतली. भारदस्त दिसेल.” मी तसं लिहिलं. फार छान दिसलं. वाक्यात सगळं खरं होतं, एक शब्द सोडून. पण तो परिच्छेद वाचायला घेतला की प्रत्येक वेळी मला टेबलाच्या कडेला ठेवलेला नारळाचा तुकडा दिसायचा. आठवडाभर मी ते वाक्य सहन केलं. मग ‘जाणीवपूर्वक’ खोडलं आणि जे झालं ते लिहिलं: प्रयोगशाळेत दरवर्षीच्या प्रथेप्रमाणं उपकरणं घासताना नमुन्यांवर चरे पडले, घासण्याची रीत पुढीलप्रमाणे. सरांनी वाचलं. “परीक्षक यावरून तुम्हाला धुऊन काढतील,” म्हणाले. पण खोडलं नाही.

काही महिन्यांनी आमच्याच प्रयोगशाळेत तोंडी परीक्षा झाली; तिला बाहेरून आलेले परीक्षक आधी दोन जणांना नापास करून परत पाठवणारे म्हणून ओळखले जायचे. पांढऱ्या भुवया, हळू आवाज. तासभर बाकीचं विचारून झाल्यावर त्यांनी नेमकं तेच पान उघडलं. “हे चरे सगळ्या नमुन्यांवर सारखे होते, हे कशावरून?”

माझी पाचावर धारण बसली. मी अकरा हात सांगितले, पूड सांगितली, फडकं सांगितलं. खोलीतली मंडळी हसली. परीक्षक हसले नाहीत. “ते गृहस्थ आहेत का इथं?”

मामा बाहेर चहाचे कप मांडत होते. त्यांना आत बोलावलं. ते भिंतीला लागून उभे राहिले. आणि मी, कसं कोण जाणे, बोलून गेले. “सर, आधी एक सांगते. चूक यांची नव्हती. टेबलावरची एकूण एक वस्तू चकाचक करा, असं मीच सांगून गेले होते. परत आल्यावर यांनाच दोन विद्यार्थ्यांसमोर झाडूवरून बोलले. तेही चुकलं माझं. मामा, मला माफ करा.” शेवटचं वाक्य त्यांच्याकडं वळून म्हटलं. सरांनी चष्मा काढला. मामा फरशीकडं बघत होते.

पोरांच्या प्रात्यक्षिकासाठी बाजारच्या जर्मनच्या कांड्या टेबलावर होत्या, त्यातली एक परीक्षकांनी उचलून पुढं केली. “करून दाखवता का?”

“पूड लागंल,” मामा म्हणाले. “नुस्तं कसं घासावं?”

ते कपाटाकडं गेले. खालच्या फळीवर, चिंध्यांच्या मागं, त्यांची पुडी होती. खंडेनवमीपासून तिथंच. त्यांनी खाली फरशीवर बसून काथ्या घेतला, पूड घेतली, पाण्याचे दोन थेंब. ओठ हलत होते. परीक्षक खुर्चीतून वाकून मोजत होते. अकराव्याला मामा थांबले. दुसरी कांडी घेतली, पुन्हा अकरा. दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली गेल्या. परीक्षक बराच वेळ बघत बसले, एक काढायची, दुसरी लावायची.

“आमच्याकडं यासाठी यंत्र आहे,” शेवटी ते म्हणाले. “इतकं एकसारखं नाही येत.” मग मामांना विचारलं, “किती वर्षं करताय हे?”

“बारका होतो तवापासून, साहेब. पण हे शास्तर हाय हे मॅडमकडूनच कळलं.”

अर्ध्या तासानं निकाल सांगितला. पास. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सरांनी पेढ्यांचा पुडा फोडला. लातूरला फोन केला तर अप्पा म्हणाले, “मोडलं न्हाई म्हणून डिगरी देतेत व्हय? आपल्या दुकानात कशाला ठिवली असती मग मी मोडणारी भांडी!” आणि लगेच फोन आईकडं दिला.

गर्दीत मामा दिसले नाहीत. कप गोळा करून ते त्यांच्या गाडीला निघून गेले होते. माफी ऐकली, त्यावर काही बोलले नाहीत. रात्री पडल्या पडल्या मला तेवढंच खटकत राहिलं. चारचौघांत मागितलेली माफी त्या माणसाला उलट अवघड तर झाली नसेल?

चाचण्या संपल्यापासून सातला जायचं कारण उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही मी दहाला पोचले. प्रयोगशाळेच्या दाराशी चप्पल काढायच्या आधी मान आत घातली, सवयीनं. चाचण्यांपासून फळ्यावर तसेच राहिलेले माझ्या अक्षरातले सगळे आकडे पुसलेले होते. फळा ओल्या फडक्यानं पुसून लख्ख केलेला आणि मधोमध, जरा तिरकं, मामांच्या हातचं एकच लिहिलेलं होतं. ‘निवांत’.

मी दाराला धरून उभी राहिले, डोळे भरून आले. मग चप्पल बाहेर काढली आणि आत जाऊन बसले.